कारवानी पिल्लाला फ्रिस्बी शिकवायचीय, पण पायाला काही न होता. कशी सुरुवात करू?

सांगलीची हळद

नमस्कार सगळ्यांना. आमच्याकडे कारवानी जातीचा कुत्रा आहे, जतकडनं आणलेला, बाजी नाव, दहावा महिना चालू आहे. अंगात नुसतं वारं भरलंय त्याच्या. विश्रामबागला घर आहे, अंगण लहान, त्यामुळं सकाळी मी आणि माझा भाऊ त्याला मैदानावर घेऊन जातो. भावाने रील्स बघून खेळण्याच्या दुकानातनं साधी कडक प्लॅस्टिकची फ्रिस्बी आणली आणि फेकायला सुरुवात केली, आणि बाजी पहिल्या दिवसापासून वेडा झालाय तिच्यामागं. पण तो काय करतो, फ्रिस्बी वर तरंगत असली की खाली येऊन थांबतो आणि सरळ उभा वर उडी मारतो, माणसाच्या डोक्याच्या वर जातो अक्षरशः, आणि खाली येताना मागच्या दोन पायांवर आपटतो. बघणारे टाळ्या वाजवतात पण पप्पा म्हणतात बंद करा, पोरगं लंगडं होईल. काल तर हिरडीतनं थोडं रक्त पण आलं.

मला हा खेळ बंद नाही करायचा कारण इतका खूश तो दुसऱ्या कशानेच होत नाही. पण त्याचं काही वाईट व्हायला नको. तर कुठल्या वयात उड्या मारू द्यायच्या, फ्रिस्बी कुठली घ्यायची, आणि उन्हाळा आला की काय करायचं? अजून एक म्हणजे पकडली की परत आणत नाही, घेऊन लांब पळतो आणि आडवा पडून चावत बसतो. कुणी आपल्या भागात हे नीट शिकवलंय का?

अजिंक्यतारा पहाटे

ताई, आधी ती कडक फ्रिस्बी आजच्या आज बाजूला ठेवा. हिरडीतनं रक्त येतंय ते त्यामुळंच. माणसांच्या खेळायच्या फ्रिस्बीचं प्लॅस्टिक कडक असतं, अल्टिमेट म्हणून फ्रिस्बीचा सांघिक खेळ असतो त्याची तर १७५ ग्रॅमची येते, ती जोरात दातावर बसली तर सुळ्याचा टवका उडू शकतो, आणि एकदा चावून कडा खरबरीत झाली की प्रत्येक वेळी जीभ नाहीतर हिरडी कापते. कुत्र्यांसाठी वेगळी मिळते, मऊ रबराची किंवा कापडाची शिवलेली, ती ऑनलाइन मागवा आणि एकसारख्या दोन मागवा, दोन का ते खाली सांगतो. मऊ प्लॅस्टिकची घेतली तर खेळून झाल्यावर कडेवरनं बोट फिरवायचं, टोचलं की बारीक पॉलिश पेपरने घासायची, तडा गेला की फेकून द्यायची. आणि फ्रिस्बी त्याच्याजवळ चावायला सोडायचीच नाही. खेळ संपला की पिशवीत. तुकडा गिळला आणि आतड्यात अडकला तर थेट ऑपरेशन.

मी साताऱ्यात राहतो, आमची गावठी कुत्री आहे, तिला मी हवेतली फ्रिस्बी दाखवायच्या खूप आधी जमिनीवरची शिकवली. म्हणजे काय तर फ्रिस्बी उभी धरायची, चाकासारखी, आणि जमिनीवरनं घरंगळत सोडायची. कुत्रं तिच्यामागं पळतं, डोकं खाली घालून उचलतं, चारही पाय जमिनीवर. बाजीला आता एवढंच द्या, खरंच एवढंच. त्याला पाठलाग हवाय, उडी नकोय, उडी आपण फेकण्यातनं शिकवतो त्याला. फ्रिस्बी उंच आणि हळू गेली की कुत्रं खाली येऊन उभं राहतं आणि सरळ वर झेप घेतं, हेच तुमच्याकडं होतंय. तीच फ्रिस्बी जमिनीला समांतर, त्याच्या डोक्याच्या उंचीने आणि त्याच्या पुढे गेली तर तो पळता पळता तोंडात घेतो, पाय जेमतेम उचलतो. त्यामुळं बाजीला शिकवायच्या आधी फेकणाऱ्याला शिकवावं लागतं, हे मी भावाला वाईट वाटावं म्हणून नाही म्हणत, पण खेळ सुरक्षित आहे की नाही हे नव्वद टक्के फेकण्यावर ठरतं.

वाऱ्याचंही बघा. समोरनं वारा असताना फेकली की फ्रिस्बी वर उचलली जाते, एका जागी तरंगते, कधी मागं पण येते. दिसायला भारी, पण कुत्र्याच्या मागच्या पायांना सगळ्यात वाईट फेक तीच. आमच्याकडं यवतेश्वरच्या बाजूला वर पठारावर वारा सुटला की मी फक्त घरंगळवतो, हवेत फेकतच नाही.

आता परत आणण्याचं. दोन फ्रिस्बी त्यासाठीच. पहिली त्याने उचलली की त्याच्यामागं पळायचं नाही, एकदम बंद, तुम्ही पळालात की त्याच्यासाठी तोच खेळ होतो. उलट तुम्ही पाठ करून दुसरीकडं पळा आणि हातातली दुसरी फ्रिस्बी जमिनीवर गोल गोल फिरवा, हाक मारा. तो तोंडातली घेऊनच येतो बघायला. जवळ आला की "सोड" म्हणायचं, हिसकायचं नाही, त्याने पहिली टाकली की त्याच क्षणी दुसरी घरंगळवायची. टाकली तरच पुढची मिळते हे त्याला कळलं की काम झालं. हे आधी घरात, व्हरांड्यात करा, मैदानावर नंतर, कारण मैदानावर पोरं, दुसरी कुत्री, सगळीकडं लक्ष असतं.

जत तालुका

ताई, आमच्याकडं घरटी कारवानी आणि पश्मी असत्यात म्हणून लिवतोय. हे कुत्रं नजरेवर पळणारं आहे, वासावर न्हाई. एकदा डोळ्याला काय तर पळताना दिसलं की कान बंद होत्यात त्याचं. तुमी हाक मारून उपेग न्हाई. म्हणून रस्त्याकडेच्या मैदानावर मोकळा सोडताना लई जपा, फ्रिस्बीमागं सुटला आणि तेवढ्यात पलीकडं मांजर नाहीतर मोटरसायकल गेली की दिशा बदलून त्याच्यामागं जातंय आणि ह्यांचा वेग असा आहे की तुमी "बाजी" म्हणूस्तवर रस्त्यावर पोचलेलं असतंय. चारी बाजूनं भिंत किंवा जाळी असलेली जागा बघा. तसली न्हाई मिळाली तर लांब दोरी लावा पण गळ्यातल्या पट्ट्याला न्हाई, छातीवरच्या पट्ट्याला, न्हाईतर भरधाव पळताना दोरी संपली की मानेला हिसडा बसतोय. आणि दोरी लावून फ्रिस्बी लांब टाकायची न्हाई, जवळच घरंगळवायची.

दुसरं म्हंजे ह्यांची कातडी पातळ, अंगावर चरबी न्हाई. काटेरी तारेला नुसतं घासलं तरी उभी फाटती. जमीन बघून घ्या आधी. शाळू काढलेल्या रानात धसकटं, ऊस तुटल्यावर बुडखी, काळ्या रानात उन्हाळ्यात भेगा, त्यात पाय अडकला तर मोडायलाच पाहिजे. बाभळीचा काटा पंज्यात मोडून राहतोय आणि आठवड्यानं पू होतोय. आणि पाऊस संपला की गवताची कुसळं. ती बोटांच्या मधनं आत शिरत्यात, कानात जात्यात, नुसती वर राहत न्हाईत तर आत आत सरकत्यात. खेळून आलं की पंजा उघडून बोटांच्या मधी बघायचं, कानात बघायचं, काखेत बघायचं, गोचीड असला तर तवाच काढायचा. आमच्या घरात हे सांगायलाच लागत न्हाई, कुत्रं रानातनं आलं की म्हातारी आधी त्येचे पाय बघती मग आमच्या ताटाकडं.

उडीचं मात्र मला पटतंय वरच्या दादांचं. ही जात पळायला केलेली आहे, तिला पळू द्या.

कोयनाकाठ

एवढं घाबरायचं काय कारण आहे कळत नाही. आमचा शेफर्ड आठव्या महिन्यापासून उड्या मारतोय, कंपाउंडवरनं पण उडी टाकतो, काही झालं नाही. कुत्र्याला कळतं त्याला किती झेपतं ते. जंगलात कोण त्यांना शिकवतं? थोडंफार लागलं तर लागू द्या की, घरात कोंडून ठेवण्यापेक्षा बरं. बाकी फ्रिस्बी मऊ घ्या ते बरोबर आहे.

जनावरांचा डॉक्टर, तासगाव

मी पशुवैद्यक आहे, इथं गुरं जास्त येतात पण कुत्रीही भरपूर बघतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. कोयनाकाठ यांचा मुद्दा घेऊनच सुरुवात करतो कारण हे खूप जण म्हणतात आणि प्रेमापोटीच म्हणतात.

वाढत्या पिल्लाच्या लांब हाडांच्या टोकाला मऊ कूर्चेचा पट्टा असतो, त्याला ग्रोथ प्लेट म्हणतात, हाड तिथनं वाढतं. वाढ संपली की तो पट्टा हाडात बदलतो. मध्यम आकाराच्या कुत्र्यात हे साधारण वर्षभरात होतं, मोठ्या जातीत दीड वर्षापर्यंत जातं, कधी त्याहून पुढे. लवकर नसबंदी केली असेल तर अजून उशीर होतो. तोपर्यंत तो पट्टा आजूबाजूच्या लिगामेंटपेक्षाही, म्हणजे हाडं एकमेकांना बांधणाऱ्या दोरीसारख्या पेशींपेक्षाही, नाजूक असतो. मोठ्या कुत्र्यात जिथं मुरगळण्यावर भागतं तिथं पिल्लात ग्रोथ प्लेट सरकते, आणि मग पाय वाकडा वाढणं, आखूड राहणं असे प्रकार होतात. हे उडीच्या दिवशी दिसत नाही, महिन्यांनी दिसतं. म्हणून "आजपर्यंत काही झालं नाही" यावर जाऊ नका. दहा महिन्यांचा कारवानी उंचीने मोठा दिसतो पण आतनं पिल्लूच आहे. दीड वर्षापर्यंत उड्या नकोत, आणि त्यानंतरही शंका असेल तर एक्स-रे काढून ग्रोथ प्लेट बंद झाल्यात का बघता येतं. शेफर्ड आणि लॅब्राडोरच्या मालकांनी तर खुब्याचा एक्स-रे काढल्याशिवाय या खेळात पडूच नये, त्या जातींत खुब्याचा सांधा मुळात सैल असण्याचं प्रमाण जास्त आहे.

कुत्र्याला कळतं का, तर मोकळं सोडलेलं पिल्लू पळतं, थांबतं, लोळतं, वास घेतं, ते आपलं आपण ठीक असतं. फ्रिस्बीत तसं होत नाही. तीच उडी, तोच पाय, परत परत, आणि समोर माणूस उत्साहाने फेकत असतो. असं कुत्रं दुखत असतानाही थांबत नाही. थांबवायचं काम फेकणाऱ्याचं आहे.

आता हळद ताईंनी जे वर्णन केलंय, उभी उडी आणि मागच्या दोन पायांवर उतरणं, ते मोठ्या कुत्र्यालाही वाईटच. सगळं वजन गुडघ्यावर आणि कमरेच्या मणक्यांवर येतं. गुडघ्याच्या आतला लिगामेंट तुटणं आणि मणक्यांमधली गादी सरकणं, या दोन्हींना असल्या उड्या निमित्त होतात. हवेत अंग पिळून उतरलं तर अजून वाईट. सरळ पुढे पळत घेतलेली कमी उंचीची झेप, पुढचे पाय आधी टेकणं आणि पाठोपाठ मागचे, हे त्याच्या शरीराला झेपतं.

पोटाचंही सांगतो. कारवानी, शेफर्ड, डॉबरमन यांची छाती खोल असते. पोटभर जेवल्यावर लगेच उड्या मारल्या तर पोट फुगून पिळ बसायची भीती असते, आणि तो पिळ काही तासांत जीव घेतो. म्हणून खेळायच्या आधी दोन तास जेवण नाही आणि खेळानंतरही तास दीड तास थांबून, धाप पूर्ण गेल्यावर. पाणी बंद करायचं नाही, मधे मधे थोडं थोडं द्यायचं, एकदम बादलीभर नाही. पोट फुगलंय, ओकारी काढतोय पण बाहेर काही येत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, मिळेल त्या गाडीने दवाखाना.

आणि उन्हाळा. सांगलीत एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, पंज्यातनं थोडासा, बाकी सगळं धापेवर. अंगाचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हे नॉर्मल, १०४ च्या वर गेलं की काळजी, १०६ ला उष्माघात धरायचा. त्या महिन्यांत ऊन वर यायच्या आत खेळ संपलेला असावा. संध्याकाळ फसवी असते, ऊन गेलेलं असतं पण जमीन तापलेली असते, तळहाताची मागची बाजू जमिनीवर टेकवून बघा, सात-आठ सेकंद ठेवता आली नाही तर परत फिरा. जीभ रुंद होऊन बाहेर लोंबतेय, लाळ चिकट झालीय, हिरड्या लालभडक, चालताना झोकांड्या, उलटी, यातलं काहीही दिसलं की सावलीत घ्या, साधं पाणी पोटावर, मांड्यांच्या आत, पंज्यांवर ओता आणि वारा घाला. ओलं पोतं अंगावर टाकून ठेवू नका, त्याने आतली उष्णता अडकते. ताप उतरवत उतरवत दवाखान्यात आणा, वाटेत बरा वाटला तरी आणा.

कोयनाकाठ

डॉक्टर, ग्रोथ प्लेटचं माहीत नव्हतं. आमचा आता अकरा महिन्यांचा आहे. कंपाउंडच्या आतल्या बाजूला तो ज्या पेटीवरनं चढतो ती काढतो. खुब्याचा एक्स-रे गुंगी देऊन काढतात का?

जनावरांचा डॉक्टर, तासगाव

बहुतेक वेळा हो, हलकी गुंगी देतात, कारण पाय सरळ ताणून धरावे लागतात आणि जागं कुत्रं तसं पडून राहत नाही. आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायला सांगतील. आता चालताना, जिना चढताना मागचे पाय सशासारखे जोडीने टाकतोय का तेवढं बघून ठेवा आणि डॉक्टरांना सांगा.

सांगलीची हळद

खूप खूप आभार सगळ्यांचे. पप्पांना सगळं वाचून दाखवलं, आणि जत तालुका काका, तुमच्या म्हातारीचं वाचून आईला फार आवडलं. कडक फ्रिस्बी काढून टाकली, आज घरंगळवायला सुरुवात केली कापडाच्या एका गोल आसनावर (नवीन येईपर्यंत 😊) आणि खरंच, एकदाही उडी मारली नाही त्याने, नुसता पळतोय. परत आणायला अजून वेळ लागेल असं दिसतंय पण दुसरं आसन दाखवलं की येतो जवळ.

दोन प्रश्न राहिले. एक म्हणजे एका वेळी किती वेळ खेळायचं, कारण तो स्वतः कधीच थांबत नाही. दुसरं, भाऊ फेकतो तेव्हा फ्रिस्बी डुलत डुलत जाते आणि कुठंही वळते, समांतर जातच नाही. ते कसं सुधारायचं?

जत तालुका

आसनावर शिकवलंसा, लई भारी डोकं लावलं. आमच्याकडं फाटक्या पोत्याचा तुकडा ओढत पळवत्यात पिल्लास्नी, त्योच प्रकार. वेळेचं म्हणशीला तर त्याला अजून खेळावंसं वाटतंय तवाच थांबायचं. पाच-सात मिनिटं लई झाली ह्या वयाला. आधी नुसतं फिरवून आणायचं, अंग मोकळं झाल्यावर खेळ, आणि खेळ झाल्यावर पुन्हा संथ फिरवायचं, गाडीत नाहीतर साखळीला लगेच बांधायचं न्हाई. नखं पण वाढू देऊ नगा, लांब नखावर पाय नीट टेकत न्हाई.

पावसाळ्यात काळी माती निसरडी होती तवा बंदच ठेवा. डबक्यातलं पाणी पिऊ देऊ नगा.

जनावरांचा डॉक्टर, तासगाव

डबक्याचं अगदी बरोबर, लेप्टो म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या रोगाचा धोका असतो, उंदरांच्या लघवीतनं पाण्यात येतो आणि माणसालाही होतो. कृष्णेचं पाणी चढून उतरल्यावर नदीकाठच्या भागात जास्त जपा. बाजीच्या लसीत लेप्टो आहे का ते कार्डावर बघा. आणि रेबीजची वर्षाची तारीख पण, मैदानावर भटकी कुत्री खेळात घुसतात.

अजिंक्यतारा पहाटे

डुलते म्हणजे गिरकी कमी पडतेय. भाऊ बहुतेक हाताच्या जोराने ढकलतोय. चार बोटं आतल्या कडेखाली मुडपून, अंगठा वर, हात पोटाजवळनं आणायचा आणि सोडताना मनगटाचा झटका, ताटावरचं पाणी झटकतो तसा. जोर कमी, गिरकी जास्त, की ती आपोआप सरळ राहते, फिरणारी वस्तूच तिरकी व्हायला मागत नाही. सोडताना बाहेरची कड अगदी किंचित खाली ठेवायची म्हणजे उलटी पडत नाही. आणि कुत्र्याच्या डोक्यावरनं मागनं पुढं फेकायची नाही कधी, पळता पळता मान वळवून वर बघतो आणि त्यातच अंग पिळतो. त्याला आपल्या एका बाजूनं पुढं पळू द्यायचं आणि फ्रिस्बी दुसऱ्या बाजूनं त्याच्या पुढं टाकायची, म्हणजे ती त्याला डोळ्याच्या कोपऱ्यातनं येताना दिसते.

बाजीच्या जातीचं एक सांगतो, तुमच्या भावाला आवडेल. हा खेळ जगभर ज्याच्यामुळं गाजला तो अॅश्ली व्हिपेट नावाचा कुत्रा, तो पण नजरेवर पळणाऱ्याच जातीचा, सडपातळ, आपल्या कारवानीसारखाच. ऑगस्ट १९७४ ला लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियमवर बेसबॉलची मॅच चालू असताना त्याचा मालक अॅलेक्स स्टीन त्याला घेऊन थेट मैदानात घुसला आणि फ्रिस्बी फेकायला लागला, मॅच थांबून लोक त्या कुत्र्याला बघत बसले. त्याच्या उड्यांची चर्चा जास्त होते पण मला त्याचं पळणं जास्त आवडतं, कारण फ्रिस्बी कुठं उतरणार ते ओळखून त्या जागेवर आधी पोचणं हीच खरी अक्कल आहे कुत्र्याची. बाजी आत्ता घरंगळणाऱ्या फ्रिस्बीवर तेच शिकतोय. दीड वर्षाचा होईपर्यंत त्याचा अंदाज इतका पक्का होईल की त्याला उंच उडायची गरज फार कमी पडेल.

तोपर्यंत भावाने बाजीला घरी ठेवून एकट्याने सराव करावा. मैदानावर गोलपोस्ट असेल तर खांबाला गुडघ्याच्या उंचीवर खडूने रेघ मारा, आधी जवळनं, मग एकेक पाऊल मागं सरकत. फ्रिस्बी न डुलता रेघेच्या आसपास लागायला लागली की मग हवेतली पहिली फेक बाजीला दाखवा, ती पण दोन-तीन पावलांवरनं, त्याच्या तोंडाच्या उंचीने.